माशी, मासा आणि माणूस

मासे धरण्याच्या छंदाविषयीं कोणी बोलूं लागला कीं ऐकणाऱ्याच्या मुखावर हळूच स्मित उमटतें. सुटून गेलेला मासा हा हातीं आलेल्या माशापेक्षां नेहमींच मोठा असतो, ही गोष्ट जगांतील सर्व देशांना ठाऊक आहे. आज मी त्या सुटलेल्या माशांचीं मापें सांगणार नाहीं. ते कां सुटतात, आणि ते सुटतांना माणसाची कशी तारांबळ उडते, हा आजचा विषय आहे. त्यासाठीं मीं निवडला आहे गळ टाकण्याचा सर्वांत नाजूक, सर्वांत शास्त्रशुद्ध आणि म्हणूनच सर्वांत अधिक फजितीचा प्रकार. इंग्रजींत त्याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘माशीचा गळ’ म्हणूं.

आपल्या कोंकणांत गळाला गरी म्हणतात आणि गळानें मासे धरण्याला गरवणें. गरीला गांडूळ किंवा कोलंबीचा तुकडा लावावा, ती पाण्यांत सोडावी आणि स्वस्थ बसावें, अशी त्यांतली रीत. माशीच्या गळाची रीत निराळी आहे. येथें आमिषच खोटें असतें. पोलादी आंकड्यावर रेशीम, लोंकर आणि पिसें बांधून एक किडा बनवावयाचा. तो इतका हलका कीं फुंकरीनें उडून जावा. मग तो वीस-पंचवीस हात दूर वाहत्या पाण्यावर असा अलगद टेकवावयाचा कीं जणूं खराच किडा वरून येऊन पडला. खालीं ट्राउट जातीचा मासा टपून बसलेला असतो. तो फसला तर वर येऊन माशी तोंडांत घेतो. फसला नाहीं तर निमूटपणें तळाशीं जातो, आणि कांठावरचा माणूस आपली चूक शोधूं लागतो, किंवा अधिक सोपें म्हणून वाऱ्याला दोष देऊं लागतो.

हा ट्राउट मासा थंड, स्वच्छ व वाहत्या पाण्याचा. युरोपांतील तपकिरी ट्राउट आपल्या देशांत मुद्दाम आणलेला आहे. काश्मीरसाठीं त्याचीं अंडीं प्रथम १८९९ सालीं विलायतेहून पाठविलीं, तीं वाटेंतच नासलीं. १९०० सालीं पाठविलेली दुसरी खेप सुखरूप पोंचली आणि तेथील ओढ्यांत मासा रुजला. तेव्हां आपल्याकडे ह्या विद्येचा आरंभच एका अपघातानें झाला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

विद्या मात्र फार जुनी आहे. रोमन लेखक ईलियन ह्यानें इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकालांत मॅसिडोनियांतील एका नदीचें वर्णन केलें आहे. तेथील लोक गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळीत, तिला कोंबड्याच्या गळ्याखालचीं दोन पिसें बांधीत, आणि ही बनावट माशी पाण्यावर सोडीत. काठी सहा फूट आणि दोरीही सहाच फूट, असें तो सांगतो. ह्या आंखूड दोरीचा एक मोठा लाभ त्या लोकांच्या ध्यानांत आला असेल कीं नाहीं कोण जाणे : ती मागच्या झाडांत अडकत नसे!

पुढें दोरी लांबली आणि फजितीही लांबली. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन ह्यानें १६५३ सालीं गळाच्या छंदावर आपला प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळीं कांठावरच्या साध्या काठीला रीळ नसे; घोड्याच्या केसांची दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असे. मोठा मासा लागून धांवूं लागला तर सोडावयाला जास्तीची दोरी नाहीं. मग उपाय काय? तर सगळी काठीच नदींत फेंकून द्यावयाची, माशाला ती ओढूं द्यावयाची, आणि तो थकला कीं ती पाण्यांतून उचलून घ्यावयाची. असा सल्ला स्वतः वॉल्टनच देतो. काठीच्या मागोमाग नदीकांठानें धांवणारा तो सतराव्या शतकांतील सभ्य गृहस्थ डोळ्यांपुढें आणून पाहा!

ह्याच ग्रंथाला १६७६ सालीं चार्ल्स कॉटन ह्यानें माशीच्या गळाविषयींचा भाग जोडला. त्यांत लंडनहून आलेला एक पाहुणा आपल्याजवळची शहरी बांधणीची माशी मोठ्या अभिमानानें दाखवितो. ती इतकी गलेलठ्ठ असते कीं यजमान ती मागून घेतो आणि म्हणतो कीं, ही मी दिवाणखान्याच्या खिडकींत टांगून ठेवीन, म्हणजे हंसावयाला बरी. साडेतीनशें वर्षांपूर्वींचा हा शेरा आहे. पण नवशिक्याची माशी आजही नेमकी ह्याच कारणानें बिघडते. त्याला वाटतें कीं माल अधिक घातला म्हणजे वस्तु अधिक चांगली होते.

आतां ह्या फजित्यांच्या मुळाशीं जाऊं. दगड फेंकतांना आपण दगडाचें वजन फेंकतों. माशीला वजन जवळजवळ नाहींच. तेव्हां येथें फेंकावयाची असते ती दोरी. दोरी जड, पुढें निमुळती होत गेलेली. तिच्या शेवटीं केसासारखा बारीक धागा. आणि धाग्याच्या टोंकाला माशी. ही दोरी पुढें जावी म्हणून आधीं ती मागें फेंकावी लागते. मागें हवेंत ती पुरती सरळ झाली कीं तिच्या भारानें काठी वांकते, आणि वांकलेली काठी सरळ होतांना दोरीला पुढें झुगारते. म्हणजे समोर जें घडावयाचें तें आधीं पाठीमागें घडवावें लागतें; आणि विधात्यानें माणसाचे डोळे तर पुढेंच बसविले आहेत.

ह्या एका विसंगतींतून निम्म्या फजित्या जन्म पावतात. समोर मासा उसळी मारतो. पाहणारा भान विसरतो, काठी मागें नेतो, आणि मागें एक झाड उभें असतें. माशी त्या झाडाच्या अशा फांदीवर जाऊन बसते कीं जेथें हात पोंचत नाहीं, काठी पोंचते पण उपयोगी पडत नाहीं, आणि ओढलें तर धागा तुटतो. झाड नसलें तर कुंपणाची तार असते. तार नसली तर चरणारी गाय असते. आणि कांहींच नसलें तर स्वतःची टोपी तर असतेच. अनुभवी मनुष्य नदीवर आल्याबरोबर प्रथम पाण्याकडे पाहत नाहीं. तो पाठ फिरवितो आणि मागें मोकळें किती आहे तें पाहतो. एवढ्या एका संवयीवरून जाणता आणि नवखा हे दुरूनही ओळखतां येतात.

दुसरी चूक घाईची. मागची दोरी उलगडण्यापूर्वींच काठी पुढें ओढली कीं चाबूक कडाडावा तसा आवाज होतो. तो ऐकून नवशिक्याला वाटतें कीं आपली फेंक भलतीच जोरदार झाली. वास्तविक तो आवाज पुष्कळदां माशी तुटून गेल्याचा असतो. मग हे गृहस्थ बिनमाशीच्या धाग्यानें अर्धा अर्धा तास अत्यंत एकाग्रतेनें मासे धरीत राहतात, आणि आज मासे वर कां येत नाहींत ह्याविषयीं सोबत्याशीं हवापाण्याची गंभीर चर्चा करतात.

तिसरी चूक तर फारच शहाजोग आहे. बारीक धाग्यांत आपोआप एक लहानशी गांठ पडते. तिला इंग्रज शौकीन ‘वाऱ्याची गांठ’ म्हणतात. ह्या नांवांतच मनुष्यस्वभाव भरलेला आहे. कारण वाऱ्याचा तींत फारसा हात नसतो. फेंकतांना हाताचा जोर सारखा न लागतां मध्येंच धक्का बसला कीं काठीचा शेंडा खालच्या बाजूला झुकतो, दोरीचा वरचा पदर खालच्या पदराला ओलांडतो, आणि धागा स्वतःभोंवतींच गुंफला जातो. गांठ आपल्या हातानें पडली; नांव मात्र वाऱ्याचें झालें! अशी साधी गांठ घट्ट बसली म्हणजे धाग्याची शक्ति जवळजवळ निम्म्यावर येते. लहान मासे त्या धाग्यावर येतात आणि कांहीं बिघडत नाहीं. वर्षांतून एकदां येणारा मोठा मासा मात्र नेमका तेथेंच धागा तोडतो. जाणता मनुष्य म्हणूनच मधून मधून धागा दोन बोटांत धरून शेवटपर्यंत चांचपून पाहतो.

कधीं कधीं सगळें जुळून येतें. माशी नीट पडते, पाण्याबरोबर वाहते, खालून मासा वर येतो, आणि ह्याच क्षणीं माणसाचा संयम सुटतो. तो काठीला हिसका देतो आणि माशाच्या उघड्या तोंडांतून माशी बाहेर काढून घेतो. माशानें माशी घेऊन तोंड मिटून खालीं वळावें, आणि मग काठी हलकेंच उचलावी, असा नियम आहे. त्यासाठीं मनांत एक लहानसें वाक्य म्हणावें व मग हात उचलावा, असें जुने लोक शिकवितात. वाक्य सर्वांना पाठ असतें. मासा दिसल्यावर तें आठवत नाहीं एवढेंच.

साहित्याच्या फजित्या ह्याहून क्षुल्लक, परंतु संख्येनें अधिक. काठीचे दोन किंवा तीन तुकडे असतात आणि ते एकमेकांत बसवावयाचे असतात. सांधा ढिला राहिला कीं तिसऱ्या-चौथ्या फेंकीला माशीबरोबर वरचा अर्धा तुकडाही नदींत जातो. काठीवर ओळीनें कड्या असतात. त्या सर्वांतून दोरी ओवावयाची, मग धागा जोडावयाचा, मग माशी बांधावयाची. हें सर्व झाल्यावर, मासे उड्या मारीत असतां, ध्यानांत येतें कीं मधली एक कडी राहिली. कित्येकदां ओवतां ओवतां दोरीचें टोंक बोटांतून निसटतें आणि सारी दोरी सर्रकन् खालीं रिळापाशीं जाऊन पडते. ह्याला उपाय अगदीं साधा आहे : दोरीचें टोंक ओवूं नये, दोरी दुमडून तिचा पेड ओवावा. तो निसटला तरी कडींत पसरून अडकतो, खालीं पडत नाहीं.

मासा झेलण्याचें हातजाळें पुष्कळ लोक पाठीवर रबरी दोरीनें अडकवितात, म्हणजे ओढलें कीं हातांत यावें. दाट झुडुपांतून जातांना तें मागें एखाद्या फांदींत गुंततें. पुढें चालणाऱ्याला त्याची वार्ता नसते. रबर ताणतें, ताणतें, आणखी ताणतें. दहा-बारा पावलांवर फांदी जाळें सोडते, आणि जाळें आपल्या धन्याकडे जिवाच्या आकांतानें धांव घेतें. त्याच्या मानेवर जो टोला बसतो त्यानें त्याला क्षणभर असें वाटतें कीं रानांत आपल्याला कोणी शत्रु आहे.

नदीवरच्या ह्या गोष्टी चारचौघांत घडतात. घरीं, दिव्याखालीं माशी बांधतांना होणाऱ्या चुका एकांतांत होतात, म्हणून त्यांची कीर्ति कमी. पण नदीवर त्या उघडकीस आल्यावांचून राहत नाहींत.

माशी बांधण्यासाठीं आंकडा एका लहान शिकंज्यांत घट्ट धरतात. त्यावर रेशमी दोरा गुंडाळून शेपूट, धड, पंख आणि मानेभोंवतालचीं पिसें क्रमानें बांधतात. मानेचें पीस आंकड्याभोंवतीं आडवें गुंडाळलें कीं त्याचे तंतू चारी बाजूंना ताठ उभे राहतात, आणि त्यांच्यावर माशी पाण्यावर टेकून राहते. ह्या तंतूंची लांबी आंकड्याच्या तोंडाच्या रुंदीच्या सुमारें दीडपट असावी, असें सामान्य माप आहे. नवशिका हातांला लागेल तें पीस घेतो. मग एखादी माशी नाकावर पडते, एखादी कुशीवर निजते, आणि एखादी इतकी केसाळ होते कीं ती माशी कीं बाटल्या धुण्याचा ब्रश, असा प्रश्न पडावा.

सर्वांत मोठी आणि सार्वत्रिक चूक ही कीं डोक्यासाठीं जागाच उरत नाहीं. आंकड्याच्या पुढच्या टोंकाला एक नेढें असतें, आणि धागा त्यांत ओवावयाचा असतो. धड, पंख, पिसें ह्यांची दाटी करीत करीत माणूस नेढ्यापर्यंत येतो, तेथेंच शेवटची गांठ मारतो आणि वर रोगणाचा थेंब सोडतो. माशी देखणी होते. शिकंज्यांतून काढून ती घरच्यांना दाखविली जाते. पुढें नदीवर, सांज झालेली, मासे वर येऊं लागलेले, आणि हे महाशय डोळ्यांशीं माशी धरून नेढें शोधीत असतात. पण नेढें रोगणानें बुजलेलें असतें. ह्यासाठीं बांधणी सुरू करण्यापूर्वींच नेढ्यामागची जागा मोकळी सोडावी, आणि रोगण ओलें असतांनाच एखादें निरुपयोगी पीस नेढ्यांतून ओढून काढावें. हें काम घरीं दोन क्षणांचें असतें, नदीवर तेवढ्यासाठीं संध्याकाळ जाते.

शेवटची गांठ विसरली तर शोभा आणखी निराळी. पहिल्याच फेंकीला माशी उकलूं लागते. दुसऱ्या फेंकीला पीस सुटतें. तिसरीला रेशमाची शेपटी वाऱ्यावर तरंगते. आणि चौथीला धाग्याच्या टोंकाला वस्त्रहीन आंकडा राहतो.

घरांतील परिस्थितीही अनुकूल असतेच असें नाहीं. डोक्यावर विजेचा पंखा फिरत असला तर पिसांचें जें होतें त्याचें वर्णन नको. शिंक आली तरी तोच परिणाम. रोगणाची बाटली कोपराच्या टप्प्यांत असते आणि ती नेहमीं चांगल्या टेबलावर सांडते. म्हणून शहाणे लोक ती लांकडाच्या जड ठोकळ्यांत खोंचून ठेवतात. जपून ठेवलेल्या पिसांना कसर लागते, आणि डांबराच्या गोळ्या टाकावयाच्या राहिल्या हें पेटी उघडल्यावर आठवतें. घरांत मांजर असलें तर त्याच्या दृष्टीनें ही सर्व सामग्री त्याच्यासाठींच मांडलेली असते. येथें मात्र थट्टा पुरे; कारण दोऱ्यासह गिळलेला आंकडा मुक्या प्राण्याच्या जिवावर बेततो. उठतांना पेटी बंद करणें हा ह्या छंदांतला पहिला गृहधर्म आहे.

ह्या पिसांत आपल्या देशाचाही वांटा आहे. सामन माशासाठीं बांधल्या जाणाऱ्या जुन्या दिमाखदार माश्यांच्या दोन्ही बाजूंना मेणचट चकाकीचे पिवळट-पांढरे ठिपके असत. त्यांना डोळे म्हणत. तीं पिसें आपल्या सह्याद्रींत व दक्षिणेकडील रानांत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचीं. ह्या रानपक्ष्याला आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. मोरपिसांचे हिरवे चमकदार तंतूही पुष्कळ माश्यांच्या धडासाठीं वापरतात. ते सुंदर, पण नाजूक. माशाचे दांत लागले कीं तुटतात. १८७८ सालीं न्यूयॉर्कमधील जॉन हेली नांवाच्या कारागिरानें ‘कोचमन’ ह्या माशीचें मोरतंतूंचें धड टिकावें म्हणून त्याच्या मध्यावर तांबड्या रेशमाचा पट्टा बांधला. हेतु केवळ मजबुतीचा. तयार झालेली वस्तु सृष्टींतल्या कोणत्याच किड्यासारखी दिसत नव्हती. आणि तीच ‘रॉयल कोचमन’ ह्या नांवानें अमेरिकेंतील अत्यंत लोकप्रिय माश्यांपैकीं एक झाली. माशांनीं तिचें स्वागत कां केलें, तें माशांनाच ठाऊक.

येथें एक विचार मनांत येतो. माशी शिकंज्यांत असतांना माणूस ती वरून व बाजूनें पाहतो. मासा ती खालून पाहतो. प्रकाश पाण्यांत शिरतांना वांकतो, त्यामुळें पाण्याखालील माशाला वरचें सारें जग डोक्यावरच्या एका वाटोळ्या खिडकींतून दिसतें. तिचा कोन सुमारें सत्याण्णव अंशांचा असतो. मासा एक फूट खोल असेल तर ही खिडकी अदमासें सव्वादोन फूट व्यासाची होते. तो वर येऊं लागला कीं ती लहान होत जाते. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. माशी त्या आरशावर पडली तर तिचे पंख दिसत नाहींत. पाण्याला टेकलेल्या तंतूंच्या खळग्या, आणि खालीं लोंबणारा आंकडा, एवढेंच दिसतें. म्हणजे ज्या पंखांच्या छटेसाठीं माणूस रात्रभर जागला, ते पंख परीक्षकाच्या दृष्टीस बराच वेळ पडतच नाहींत. उलट कांठावर ताठ उभा राहून हात हलविणारा माणूस मात्र त्या खिडकींत उत्तम दिसतो. सगळी तयारी चोख करून शेवटीं स्वतःच आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभें राहणें, ही चूक मोठमोठे लोक करतात.

मोठमोठ्या लोकांचा विषय निघालाच आहे, तर इंग्लंडांतील एक जुना वाद सांगतों. कारण आजच्या विषयाचें सार त्यांत आहे. दक्षिण इंग्लंडांत हॅम्पशायर परगण्यांत टेस्ट आणि इचेन ह्या खडूच्या प्रदेशांतून वाहणाऱ्या स्फटिकासारख्या नद्या आहेत. फ्रेडरिक हॅलफर्ड ह्यानें तेथील किड्यांचा बारकाईनें अभ्यास केला आणि १८८६ सालीं तरंगत्या माश्या बांधण्यावर ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें नव्वद प्रकार दिले. खरा किडा पाण्यावर तरंगतो, म्हणून माशीही कोरडी राहून तरंगलीच पाहिजे; ती बुडाली तर ती फेंक फुकट, असें मत त्याच्या अनुयायांत दृढ झालें. पुढें पुढें तर बुडती माशी वापरणें हें केवळ चुकीचें न राहतां असभ्यपणाचें ठरलें. नव्वदांची यादी पुढें १९१० मध्यें खुद्द हॅलफर्डनेंच तेहेतिसांवर आणली. नियमाचा ताठा मात्र कमी झाला नाहीं.

ह्याच इचेन नदीवर लंडनचे एक वकील येत असत. त्यांचें नांव जी. ई. एम. स्क्यूज. १८९२ च्या सप्टेंबरमध्यें एके दिवशीं त्यांची माशी पाण्यावर नीट तरंगेना. ती बुडाली. रूढ शास्त्राप्रमाणें ही शुद्ध फजिती. परंतु समोरच्या माशानें ती बुडालेली माशीच घेतली. दुसरा कोणी असता तर दैवाला धन्यवाद देऊन माशी वाळवूं लागला असता. स्क्यूज ह्यांच्या मनांत प्रश्न रुजला : मासा वर येऊन कांहीं तरी खातो आहे हें खरें, पण तो पृष्ठभागावरचेंच खातो हें कशावरून?

पुढें ते धरलेल्या माशांच्या पोटांतील अन्न एका अरुंद लांब चमच्यानें काढून पांढऱ्या बशींत पाण्यांत पसरून पाहूं लागले. पंख फुटलेला किडा पाण्यावर दिसतो तो त्याच्या आयुष्याच्या अखेरीस, कांहीं तास किंवा थोडे दिवस. तत्पूर्वीं तो बहुधा वर्षभर तळाशीं बालरूपांत, म्हणजे ‘निम्फ’ रूपांत असतो, आणि पंख धारण करण्यासाठीं वर येतांना मासा त्याला पाण्याखालींच गांठतो. १९१० सालीं स्क्यूज ह्यांनीं आपलें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि बालरूपाच्या अनुकृतीनें पाण्याखालीं मासे धरण्याची रीत मांडली. विरोध पुष्कळ झाला. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत ह्या रीतीवर रीतसर वादविवाद झाला, तेव्हां स्क्यूज ऐंशीच्या घरांत होते. १९४९ सालीं ते वारले. आज निम्फ ही जगभर ह्या विद्येची एक मान्य शाखा आहे.

श्रोतेहो, माशी बुडणें हें शेंकडों लोकांच्या बाबतींत घडलें होतें. शेंकडोंनीं तें आपल्या आळसाचें किंवा दुकानदाराच्या लबाडीचें फळ मानून सोडून दिलें. एका माणसानें त्या फजितीकडे टक लावून पाहिलें. चुकांना वाऱ्याचें नांव देऊन मोकळें होणारे आणि चुकीची गांठ हातांत घेऊन ती कशी पडली तें पाहणारे, असे दोन वर्ग सर्वच विद्यांत असतात. नदी त्यांची निवड फार लवकर करते.

कांहीं चुका मात्र अशा आहेत कीं त्या करून शिकण्याची संधि मिळत नाहीं. वेगानें फिरणारा आंकडा डोळ्याला लागला तर तो विनोद राहत नाहीं. म्हणून गळ टाकतांना चष्मा आणि कांठाची टोपी ह्या शोभेच्या वस्तु नाहींत, आणि फेंकणाऱ्याच्या पाठीमागून मुलांना जाऊं देऊं नये. आंकड्याला उलट कुसळ असतें. तें चिमट्यानें आधींच दाबून टाकलें तर बोटांत रुतलेला आंकडा सहज निघतो, आणि सोडून द्यावयाच्या माशालाही कमी इजा होते. डोळ्याजवळ रुतलेला आंकडा तर कोणीही ओढूं नये. जखमेवर दाब न येईल असें आच्छादन धरून सरळ इस्पितळांत जावें. कमरेवर येणारे रबरी बूट घालून पाण्यांत उतरणाऱ्यानें वर पट्टा आवळावा, म्हणजे पडल्यास पाणी झपाट्यानें आंत शिरत नाहीं. आणि शेवाळलेल्या धोंड्यांवर एक पाय स्थिर झाल्यावांचून दुसरा उचलूं नये. तुटलेला धागा कांठावर टाकून जाणें ही सर्वांत लहान दिसणारी पण सर्वांत निर्दय चूक. त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात आणि त्यांना गांठ सोडवितां येत नाहीं.

एरवींच्या फजित्या खुशाल होऊं द्याव्यात. झाडावर अडकलेली माशी, मानेवर बसलेलें जाळें, बुजलेलें नेढें, ह्यांनीं माणसाचें कांहीं अंशीं अभिमानाखेरीज दुसरें नुकसान होत नाहीं. मासा हा निःपक्षपाती परीक्षक आहे. त्याला आपलें शिक्षण, पद किंवा काठीची किंमत कांहीं कळत नाहीं. पाण्यावर काय पडलें तेवढेंच तो पाहतो. उत्तर चुकलें तर तो रागावत नाहीं, शेरा लिहीत नाहीं, नुसता खालीं निघून जातो. मग पाण्यावर उमटलेलीं वर्तुळें विरत असतां, हातांतला धागा एकवार चांचपून, मागें वळून झाडाकडे पाहून, पुन्हां काठी उचलणें एवढेंच आपल्या हातीं उरतें.